विहीर रिकामी करून देण्याची रीत

पाळी सोपवताना विहीर रिकामी करून द्यायची, ही त्या पंपघराची जुनी रीत होती. कुठे लिहिलेली नव्हती, कुणा साहेबाने घालून दिलेली नव्हती. गावाचं सगळं मैलापाणी उतारावरून वाहत येऊन पंपघरातल्या खोल विहिरीत पडायचं, आणि तिथून पंप ते टेकडीपलीकडच्या शुद्धीकरणाच्या तळ्यांकडे ढकलायचे. पाळी संपत आली की जाणारी बाई पंप जरा जास्त वेळ चालवायची, विहीर तळाला आणायची आणि येणारीला म्हणायची, "विहीर रिकामी, घर भरलेलं." येणारी म्हणायची, "तुझंही." येणारीला आल्याआल्या निवांत एक पियाला चहा मिळावा, एवढाच त्यातला अर्थ. भरलेली विहीर सोपवून घरी जाणारी बाई म्हणजे खरकटी भांडी सुनेच्या माथी मारून झोपायला जाणारी सासू, असं झूरा म्हणायची.

अनारकुल आणि झूरा या रीतीतच पोक्त झाल्या. दोघी तरुणपणी एकाच हिवाळ्यात कामाला लागल्या होत्या. तेव्हाचे पंप विहिरीत नव्हते. भिंतीपलीकडच्या कोरड्या तळघरात ओळीने बसवलेले, हिरव्या रंगाचे, बैलाएवढे. त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बायका विणत बसायच्या आणि कान पंपाकडे द्यायच्या. विहीर तळाला आली की पंप पाण्याबरोबर हवा ओढायला लागायचा, आणि आत कुणी खडी ओतावी तसा खडखडायचा. याला बायका खोकला म्हणत. पंप खोकला की बंद करायचा. झूरा तर डुलकी लागलेली असली तरी खोकल्याला जागी व्हायची.

गेल्या शरदात नवे पंप आले. जुने कापून भंगारात गेले. नवे पंप विहिरीच्या तळाशीच, पाण्यात बुडून राहणारे. मोटर त्यांच्या डोक्यावरच, घट्ट बंद केलेली. भोवतीच्या पाण्यानेच ती गार राहते, म्हणून पंप उघडा पडता कामा नये. बसवायला आलेल्या इंजिनियरने विहिरीच्या भिंतीवर लाल रेघ मारली आणि दुभाष्याकरवी सांगितलं, "पाणी याच्या खाली कधीच नाही." पॅनलवरची किल्ली 'ऑटो'वर असेल तर पंप ही रेघ स्वतःच सांभाळायचा. मोटर तापली तर स्वतःच थांबायचा. किल्ली 'मॅन्युअल'वर फिरवली की मात्र पंप बाईच्या हुकमात, आणि तापल्यावर थांबवणारी तारही त्या बाजूला जोडलेलीच नव्हती. ते कुणाला माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

आता बायकांचं काय काम, हा प्रश्न होताच. उद्घाटन झालं की दोघींपैकी एकीलाच ठेवायचं ठरलं होतं. कुणाला, ते ठरायचं होतं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी अनारकुल पाळीवर आली. बर्फ वितळत होता. रस्त्यावरचं पाणी गटारांच्या झाकणांतून आत उतरत होतं आणि विहिरीकडे येणारा लोट नेहमीपेक्षा कितीतरी मोठा झाला होता. अशा दिवसांत दोन्ही पंप लागायचे. कुंपणाला एक मेंढा बांधलेला होता, शिंगाला लाल फीत. नव्या यंत्राला रक्त दाखवल्याशिवाय ते धार्जिणं होत नाही, म्हणून मुकादम मोमुनने तो स्वतः निवडून आणला होता.

"काय गं, विहीर रिकामी केलीस का विणतच बसलीस?" अनारकुलने दारातूनच विचारलं.

झूरा खुर्चीवर नव्हती, पॅनलसमोर उभी होती. दुसऱ्या पंपाचा लाल दिवा लागलेला होता.

"झूरा?"

"दार लाव आधी."

अनारकुलने दार लावलं.

"मी केलं," झूरा म्हणाली. "म्हटलं, उद्या उद्घाटन. नंतर दोघींतली एकच राहणार. तुझ्यामाझ्यातलं हे शेवटचं सोपवणं. शेवटचं तरी रीतीनं व्हावं. हे पाणी लाल रेघेपर्यंत ठेवून जायचं, चोरासारखं, मला नाही गं पटत. किल्ली फिरवली आणि बसले खोकल्याची वाट बघत."

"खोकल्याची? अगं बये, हा पाण्याखाली असतो, वर लोखंडी झाकण. हा कुठला खोकतोय!"

"ते आता कळलं. झोपले नव्हते हां मी. जागीच होते. ऐकत होते. सवयीनं ऐकत होते."

अनारकुलने किल्ली 'ऑटो'वर फिरवली, ब्रेकर वर केला. तो खट्कन खाली पडला. पुन्हा केला, पुन्हा पडला. पंपात चिंध्या अडकल्या की मोटर आधी गुरगुरते, फिरायला बघते, आणि मग ब्रेकर पडतो. ही गुरगुरलीसुद्धा नाही. आतलं वाइंडिंग जळून एकजीव झालं होतं.

"जळला," ती म्हणाली.

"जळला."

"मोमुनला काय सांगितलंस?"

"दिवा लागलाय म्हणाले. तो म्हणाला, चिंध्या असतील, गेल्या आठवड्यासारख्या." झूराने मान वळवली. "मी हो म्हणाले."

पहिला पंप एकटाच चालत होता. जमिनीतून त्याची बारीक थरथर पायांना जाणवत होती, आवाज नव्हता.

"ऐक," झूरा म्हणाली. "तुझा मुलगा मार्गाला लागला. माझी लेक दोन पोरं घेऊन परत आलीये, जावयाचा रशियातून फोनसुद्धा नाही. मी तुझ्याकडे जागा मागत नाही. तुला दिली तर तू घे, मी तोंडातून शब्द काढणार नाही. पण ही गोष्ट बोलू नकोस. बोललीस तर मला हाकलतील, आणि गाव तुला काय म्हणेल तेही बघ."

गाव काय म्हणेल हे अनारकुलला बघायची गरज नव्हती. जागेसाठी मैत्रिणीला बुडवलं. ही बाई बाजारात दिसली की बायका तोंड फिरवतील आणि तिच्या सुनेला पाणवठ्यावर ऐकवतील. आणि गप्प बसण्यात तोटा तरी कुणाचा? क्रेन आली की पंप वर निघेलच. मोटर जळलेली दिसेल. चिंध्यांनी जळली म्हणतील. नवा पंप मागवतील.

"बरं," ती म्हणाली.

मग बाहेर गाडी थांबली आणि मोमुनबरोबर केनेश उतरला. त्याच्या हातात लांब दांडीचा लोखंडी आकडा होता.

केनेश पंपघराचा फिटर. कंबरेपर्यंतचे रबरी बूट, त्यांना ट्यूबचं ठिगळ. आत आल्याबरोबर म्हणाला, "झूरा एजे, आज पुन्हा कुणाची विजार अडकली तुमच्या विहिरीत?" एजे म्हणजे थोरली बहीण, तो दोघींनाही एजे म्हणायचा आणि दोघींनाही सतवायचा. "गेल्या वेळी अख्खी चादर निघाली. फुलाफुलांची. तेव्हापासून वरच्या आळीतलं एक जोडपं तोंड लपवून फिरतंय."

"चहा घे आधी," झूरा म्हणाली. तिचा आवाज फार हळू आला.

अनारकुलने आकड्याकडे पाहिलं. पंप वर खेचायची कप्पी अजून आली नव्हती. वाटेत आहे, असं शरदापासून ऐकू येत होतं. मग चिंध्या काढायच्या तर माणसाने खाली उतरायचं, पंपाच्या बुडाशी हात घालायचा आणि आकड्याने ओढून काढायच्या. गेल्या आठवड्यात केनेश तसाच उतरला होता आणि शीळ घालत वर आला होता. सकाळी बरं म्हणताना ही गोष्ट अनारकुलच्या ध्यानातच आली नव्हती. जळलेल्या पंपासाठी कुणी उतरत नाही. त्याला क्रेनच लागते. चिंध्यांसाठी उतरतात. आणि चिंध्या नव्हत्या.

"मोमुन बायके," ती म्हणाली, "क्रेन येईपर्यंत थांबलं तर?"

"क्रेन परवा, पाहुणे उद्या." मोमुन वयाने तिच्याहून थोडा मोठा, म्हणून बायके, थोरला भाऊ; चांगला माणूस, पण त्या दिवशी त्याच्या मागे घाई लागली होती. "आणि एका पंपावर पाणी चढतंय, दिसत नाही? दुपारपर्यंत खालच्या आळीत लोकांच्या अंगणात येईल. मग तुम्ही जाऊन उपसणार का बादलीनं?"

"पण समजा चिंध्या नसतील. समजा जळला असेल तर?"

झूराच्या हातातली किटली पियाल्याच्या काठावर वाजली.

"नवाकोरा पंप," मोमुन म्हणाला. "का जळेल? कुणी जाळला?"

आता बोलायचं होतं. एकच नाव. झूरा दोन हातांच्या अंतरावर उभी होती, केनेशसाठी चहा ओतत होती, आणि तिने वर पाहिलं नाही.

मोमुनने आळीपाळीने दोघींकडे पाहिलं. मग त्याला काहीतरी उमगल्यासारखं झालं आणि तो हसला, वाईट नव्हे, समजूतदार हसला. "बायांनो, जागेचं अजून ठरलेलं नाही. आत्तापासून एकमेकींच्या पाळीत खोट नका काढू. या वयाला शोभत नाही."

केनेश मान खाली घालून पावाचा तुकडा मोडत राहिला, न ऐकल्यासारखा. अनारकुलच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. जे गाव उद्या म्हणणार होतं ते आजच, तोंडावर, आणि तिने अजून काही सांगितलंही नव्हतं. तिच्या तोंडून पुढचा शब्द निघाला नाही.

"आलोच," केनेश म्हणाला. अर्धा पियाला त्याने तसाच ठेवला. "गार नका होऊ देऊ."

खाली उतरण्याचे नियम भिंतीवर होते, जुन्या काळी छापलेले, कडा पिवळ्या पडलेल्या. दरवर्षी बायकांना ते तोंडपाठ म्हणून दाखवावे लागायचे. विहिरीतला वायू आधी मोजायचा. पंखा लावून हवा खेळवायची. नळीचा मुखवटा. पट्टा, दोर, वर दोन माणसं. आणि शेवटची ओळ: सडक्या अंड्यांचा वास येतो तोवर सावध राहा, वास येईनासा झाला तर ताबडतोब वर या. वायू वाढला की तो आधी नाक मारतो, मग माणूस.

वायूमापकाची बॅटरी हिवाळ्यात मेली होती. जुना पंखा तळघराबरोबर गेला, नवा खोक्यातच भिंतीशी टेकून होता. मुखवट्याची नळी थंडीने घडीवर चिरली होती. दोर होता. मोमुनने तो केनेशच्या कंबरेला स्वतः बांधला, दोनदा ओढून पाहिला. येणाऱ्या पाण्याची झडप बंद केली, चालू पंपाने विहीर लाल रेघेपर्यंत ओढली आणि तोही बंद केला. झाकण उघडलं. खाली काळा गाळ चकाकत होता, त्यावर मेंढीच्या चरबीचे पांढरे थर. गेल्या आठवड्यात पाणी वाहतं होतं. या वेळी एका पंपावर ते सकाळभर कोंडून होतं आणि तळ आंबला होता.

"दोन मिनिटांचं काम," मोमुन म्हणाला.

"दोनच," केनेश म्हणाला आणि शिडीवरून उतरायला लागला. मोमुन आणि गाडीचा ड्रायव्हर तिलेक दोर सोडत होते. अनारकुल झाकणाच्या कडेला गुडघ्यांवर बसली होती. झूरा दारात होती.

"उफ्!" खालून आवाज आला. "सगळ्या गावाची अंडी सडलीयेत!"

तिलेक हसला.

गाळात पाय पडल्याचा चुबुक आवाज. मग दुसरा. केनेशच्या डोक्यावरचा दिवा पंपाकडे वळला, गाळ ढवळला गेला, बुडबुडे आले.

"पोचलो. थांबा, आकडा घालतो." आणि लगेच, हसऱ्या आवाजात, "एजे, अहो आता वासच येईना! सेंट शिंपडलंत की काय?"

"वर!" अनारकुल ओरडली. "ओढा! वर ओढा त्याला!"

"काय झालं?" मोमुन म्हणाला.

"ओढा!"

त्यांनी ओढलं. दोर ताठ झाला आणि तिथेच थांबला. दिवा पाइपाच्या आडव्या कंसाखाली तिरका दिसत होता. केनेश कंसाखाली अडकला होता आणि स्वतः हलत नव्हता. दोघांनी पाय रोवून ओढलं. दोर फक्त करकरला.

"केनेश! ए केनेश!"

मोमुनने दोर तिलेकच्या हातात टाकला आणि शिडीवर पाय ठेवला. अनारकुलने मागून त्याचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. तो शिव्या देत होता, कोपराने ढकलत होता. तिने पट्टा सोडला नाही, आडवी पडली, सगळं वजन टाकलं. अशा विहिरीत एक मरत नाही, एकापाठोपाठ तीन मरतात. तेही तिला पाठ होतं. मागे झूरा कुणाशी बोलावं तशी मोठ्याने बोलत होती, "चिंध्या नाहीयेत. चिंध्या नाहीयेत रे तिथे. मी जाळलाय." कुणाचं लक्ष नव्हतं. तिलेक फोनवर बंबवाल्यांना पत्ता सांगत होता आणि रडत होता.

बंबवाले मुखवटे घालून उतरले. केनेशला वर काढून बर्फाच्या राडीवर ठेवलं तेव्हा त्याच्या तोंडाभोवती चरबीचे पांढरे कण होते. झूराने पुढे होऊन ओढणीच्या टोकाने ते पुसले. आत त्याचा पियाला तसाच होता.

माणूस मेल्यावर क्रेन लवकर आली; परवाची उद्याच आली. पाहुण्यांना फोन करून थोपवलं होतं. पंप साखळीला लटकत वर निघाला, मैला गळत गेला, तिलेकने पाइपाने तो धुतला. आकडा पंपाच्या तोंडाशीच अडकलेला निघाला. मोमुनने वाकून खालच्या तोंडात हात घातला. इम्पेलर, पाणी ढकलणारं आतलं चाक, बोटाने फिरला. आत धागासुद्धा नव्हता.

मोमुन सरळ झाला. मग त्याने डोक्यावरची नमद्याची, दाबलेल्या लोकरीची, टोपी काढली.

"साफ केला रे यानं," तो म्हणाला. "मरता मरता साफ करून गेला."

जिल्ह्याहून आलेल्या इलेक्ट्रिशियनने मोटरची तार तपासायचा मेगर लावला, काटा हलला नाही. मोटर जळलेली. साहजिकच आहे, तो म्हणाला, चिंध्यांनी अडकून जळली असणार, आणि मग यानं त्या काढल्या. गोष्ट अशी नेटकी बसली की कुठे फट उरली नाही. संध्याकाळपर्यंत ती गावभर झाली: केनेशने गाव बुडण्यापासून वाचवलं. अनारकुल आणि झूरा क्रेनच्या दोन बाजूंना उभ्या होत्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

केनेशच्या अंगणात नमद्याचा तंबू उभा राहिला. पाव्हणे येत होते तसतसे त्याच्या बाहेर काठीवर रेलून उभे असलेले पुरुष मोठ्याने गळा काढत होते, "माझ्या भावा रे, माझ्या भावा!" पंपघराच्या लोकांनी कुंपणाचा मेंढा तिथे आणला. शिंगाची फीत कुणीतरी आधी सोडून घेतली होती. ज्यांनी केनेशला न्हाऊ घातलं त्यांनी किती पाणी लागलं हे कुणाला सांगितलं नाही, पण न्हाऊ घालणाऱ्यांना मेलेल्याच्या अंगावरचे कपडे द्यायची रीत होती, ते द्यायला उरलेच नव्हते. ते जाळावे लागले, आणि घरातल्यांनी त्यांच्या जागी नवे आणून दिले.

अनारकुल तंबूत गेली. बायका भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या, शब्द जुळवून जुळवून रडत होत्या. केनेशची बायको आकमारल काळ्या ओढणीत होती. अनारकुलने तिला कवळलं.

"एजे, तुम्ही तिथे होतात ना?"

"होते."

"शेवटी बोलला?"

"हसत होता," अनारकुल म्हणाली. ते खरं होतं.

"काम पुरं करून गेला म्हणे. मोमुन बायके सांगत होते." आकमारलने तिच्या बाहीत बोटं रुतवली होती. "माझ्या सासऱ्यांना तेवढ्यानंच जेवण गेलं. नाहीतर वाटलं असतं, त्या घाणीत फुकट..."

अनारकुलने तिचं डोकं छातीशी धरलं. तिसऱ्यांदा ती गप्प बसत होती, आणि दर वेळी गप्प बसणं हेच भल्याचं वाटत होतं. पहिल्यांदा झूरासाठी. दुसऱ्यांदा लाजेपायी. आता या पोरीसाठी. तिला ठाऊक होतं की ती इथे बोलणार नाही. पण पंपघरात पहिला पंप चालू होता, किल्ली पॅनलवरच होती, आणि मॅन्युअलवर मोटर तापली तरी थांबत नाही, हे आता तिला कळलं होतं. लोक म्हणत होते, चिंध्यांनी जळला. म्हणजे पुढच्या वेळी दिवा लागला की पुन्हा चिंध्याच शोधतील. पुन्हा एक माणूस आकडा घेऊन उतरेल.

ती बाहेर आली आणि पुरुषांच्या रांगेजवळ थांबली. बाया तिथे थांबत नाहीत. मोमुन काठीवर रेललेला होता.

"बायके, जरा इकडे."

तो बाजूला आला. त्याचे डोळे सुजलेले होते.

"चिंध्या नव्हत्या," ती म्हणाली. "आधीपासूनच नव्हत्या. झूरानं किल्ली मॅन्युअलवर टाकून विहीर उपसली, जुन्या रीतीनं, माझ्यासाठी. पंप उघडा पडला आणि जळला. मला सकाळीच माहीत होतं."

मोमुन काठीवरून सरळ झाला.

"माहीत होतं?"

"हो."

"मग?"

"म्हणाले होते मी. जळला असेल तर, म्हणाले होते."

"असेल तर," मोमुन म्हणाला. पुन्हा म्हणाला, "असेल तर." मग तो काठीचं टोक चिखलात दाबत राहिला. "आणि मी काय म्हणालो? शोभत नाही म्हणालो."

त्याने तंबूकडे मान वळवली.

"त्याच्या बापाला आत्ताच सांगून आलोय मी. साफ करून गेला म्हणून. आता काय करू? परत जाऊन सांगू, काका, साफ करायला काही नव्हतंच?"

"ते मला नाही माहीत," अनारकुल म्हणाली. "पण एक पंप अजून खाली आहे. ती किल्ली काढा. आणि तुमच्या माणसांना सांगा, आज सांगा, की कशानं जळला."

"आज?"

"पाळीवर कोण आहे ते तुम्हाला माहीत आहे."

रस्त्यावरून माणसांचा नवा घोळका येत होता. रांगेतल्या पुरुषांनी गळा काढला. मोमुनही वळला, काठीवर रेलला, तोंड उघडलं, पण त्याच्या घशातून आवाज आला नाही. तो तोंड उघडं ठेवून उभा राहिला, आणि येणाऱ्यांनी येऊन त्याला मिठी मारली. सुटल्यावर तो अनारकुलच्या मागे आला. "किल्ली तू काढ," तो म्हणाला. "माणसांना मी सांगतो. आकमारललाही मीच सांगणार, पण आज नाही. आणि झूराला म्हणावं, घरी जा. मी बोलावलं म्हणजे ये."

ती चालत पंपघरात गेली. कुंपणाशी मेंढ्याच्या लेंड्या पडलेली जागा आणि दोरीचा तुकडा होता. झूरा खुर्चीवर बसली होती, मांडीवर विणकाम, सुया स्थिर. विहिरीच्या मापावर पाणी लाल रेघेच्या चांगलं वर होतं. किल्ली 'ऑटो'वर.

"सांगितलंस," झूरा म्हणाली.

"मोमुनला. तंबूत नाही."

झूराने मान हलवली. विणकाम पिशवीत घातलं, ओढणी नीट केली. टेबलावर पाच-सहा पियाले उपडे घातलेले होते. एक अर्धा भरलेला, वर सायीसारखा तवंग धरलेला, तसाच बाजूला होता. तो तिने धुतला नव्हता, आणि अनारकुलनेही त्याला हात लावला नाही.

"कधी हाकलतायत?"

"बोलावतो म्हणाला. घरी जा म्हणाला."

"जागा तुझी, मग."

"हो. बहुतेक."

"लोक बोलतील."

"बोलू देत."

झूरा दाराशी थांबली. रीतीचे शब्द इतक्या वर्षांत कधी चुकले नव्हते, दोघी भांडलेल्या असल्या तरी नाही. तिने मापाकडे पाहिलं.

"विहीर..." ती म्हणाली, आणि पुढचं तिला म्हणता येईना.

"असू दे," अनारकुल म्हणाली. "भरलेलीच असू दे."

झूरा गेली. अनारकुलने पॅनलची किल्ली 'ऑटो'वर असतानाच बाहेर काढली आणि कोटाच्या आतल्या खिशात टाकली. मग खुर्चीवर बसली. पायाखाली बारीक थरथर होती. खालून काहीच ऐकू येत नव्हतं, आणि ऐकू येणार नव्हतं, हे माहीत असूनही ती पाळीभर कान देऊन बसली.